मिठाच्या दिवसांतली स्टुडबेकर

परवा सकाळी हेंक पुन्हा रस्त्यावर वाकला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, सायकलींच्या लाल पट्ट्याच्या कडेला त्याने एक गुडघा टेकला, डांबरावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मग थुंकला, मान हलवली आणि कमरेवर हात ठेवून सावकाश उठला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. नेदरलँड्समध्ये, लायडस्खेनडामला राहायला आलो त्या पहिल्या वर्षी हे दृश्य पाहून मी नवऱ्याला म्हटलं होतं, शेजारचा म्हातारा कामातून गेलेला दिसतोय. आता मला माहीत आहे की तो मीठ चाखतो.

थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खेमेंतेची, म्हणजे आमच्या नगरपालिकेची, गाडी नारिंगी दिवा फिरवत मीठ पेरत जाते. त्याने सायकलवाल्यांची हाडं वाचतात, पण जुन्या मोटारींचा पत्रा सडतो. म्हणून ज्यांच्याकडे जुनी मोटार आहे ती माणसं हिवाळ्याच्या तोंडाशी तिच्यावर पांघरूण घालतात, आणि शेवटचं मीठ पडून गेल्यावर दोन चांगले पाऊस होईपर्यंत सहसा तिला बाहेर काढत नाहीत. कॅलेंडरात या ऋतूला नाव नाही. मी आपली त्याला मिठाचे दिवस म्हणते. इथली आपली मंडळी वसंताची वाट बघतात, ट्युलिपच्या वाफ्यांत उभं राहून फोटो काढतात. माझा जीव मात्र दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला त्या एका मोटारीपाशी अडकतो.

हेंक रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने अमेरिकेहून जहाजाने एक गाडी मागवली. फिकट हिरवी, चार दारांची, पन्नासच्या सालातली स्टुडबेकर. तिचं नाक पुढे आलेलं आणि मधोमध गोल टोपण, विमानाचा पंखा काढून ठेवल्यासारखं. आमच्या मागच्या गॅरेजांच्या रांगेत तिसऱ्या दाराआड ती असते, आणि त्या दाराला हेंक आपल्या घराच्या दारापेक्षा जास्त तेल घालतो.

तिचा इतिहास त्याने मला इतक्यांदा सांगितलाय की माझी डच भाषा अर्धी त्यावरच सुधारली. स्टुडबेकर आडनावाच्या लोहाराची पाच पोरं होती. त्यांनी आधी घोडागाड्या केल्या, इतक्या चांगल्या की पश्चिमेकडे निघालेली कुटुंबंच्या कुटुंबं त्यांतून गेली. घोडे मागे पडायला लागले तशी कंपनी मोटारींकडे वळली. महायुद्ध संपल्यावर तर बाकीचे जुनेच साचे वापरत असताना यांनी अशी गाडी काढली की पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, अशी लोक चेष्टा करायचे. ही येतेय की जातेय तेच कळत नाही म्हणायचे. चेष्टा करत करत घ्यायचेही. पुढे मोठ्या कंपन्यांपुढे निभाव लागेना. मग दुसऱ्या एका बुडत्या कंपनीशी लग्न लावून पाहिलं. मूळ गावचा कारखाना बंद पडला, थोडी वर्षं कॅनडात दम धरला, आणि संपलं. अशा कंपन्यांच्या गाड्यांना अमेरिकेत पोरक्या गाड्या म्हणतात, हे सांगताना हेंकचा आवाज दर वेळी जरा खाली येतो.

एका उन्हाळ्यात मी त्याच्याबरोबर त्याच्या मंडळाच्या मेळाव्याला गेले होते. कुठल्याशा धरणाशेजारच्या गवतावर पाच-सात स्टुडबेकर उभ्या आणि त्यांचे मालक घडीच्या खुर्च्यांवर बसून थर्मासमधली कॉफी पीत होते. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच. इंजिन दमत नाही, दार कपाटासारखं बंद होतं, आणि दिवे इतके मिणमिणते की अंधाराच्या आत घरी गेलेलं बरं. एक बाई म्हणाल्या, हिला सुरू करायला किल्ली पुरत नाही, क्लच पार तळापर्यंत दाबावा लागतो, स्टार्टर त्याच्याखाली असतो. म्हणून माझी गाडी आजवर कुणी चोरली नाही. मी हसले, पण मला ते आधीच माहीत होतं. मला ते साताऱ्याकडच्या एका माणसाने सांगितलं होतं, माझ्या वडिलांनी.

त्यांना आम्ही आबा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या बाळंतपणाला ते आले. आई असती तर ती आली असती. ती दोन वर्षांआधीच गेली, म्हणून आबा आले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन आले, मग विमानात बसले. बॅगेत मेथीदाणे, डिंक, खारीक, बाळाची झबली आणि एक पुस्तिका. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. मी विचारलं, हे कशाला आणलंत? म्हणाले, "असू दे. एस्टीत जलम गेला, कागुद बरा असतो." मी ओली बाळंतीण, मला त्याचं हसू आलं. त्या कागदामागे काय आहे ते विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ते बाळाला घेऊन मागच्या गल्लीत फेरी मारायला गेले आणि अर्धा तास आले नाहीत. मी घाबरून मागे गेले तर गॅरेजचं तिसरं दार उघडं, आबा दारात उभे आणि हेंक आत फडकं घेऊन. आबांनी मला बघितलं आणि म्हणाले, "बाईंची गाडी."

बाई म्हणजे साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई. आबा विशीत त्यांचे ड्रायव्हर होते. आमच्या बौद्ध वस्तीत तोवर कुणी मोटारीच्या चाकाला हात लावलेला नव्हता. बाईंनी कुणा मुंबईकराकडून जुनी स्टुडबेकर घेतली होती, राखाडी रंगाची. तिच्यातून त्या वाईला, पाचगणीला, पार मेढ्याच्या आतल्या खेड्यांपर्यंत पेशंट बघायला जात. नऊ वर्षं आबांनी ती चालवली. मग सुटे भाग मिळेनासे झाले. बाईंनी एक दिवस किल्ली दिली आणि म्हणाल्या, भंगारात द्यायचीय, तूच सोडून ये. आबा तिला वाड्याच्या दारातून भंगारवाल्याच्या आवारात घेऊन गेले आणि चालत परत आले. पुढे एस्टीत लागले, हजारो मैल गाडी मारली, पण त्या रस्त्याने ते पुन्हा कधी ठरवून गेले नाहीत. हे सगळं त्या गॅरेजच्या दारात बाळ खांद्यावर घेऊन त्यांनी मला सांगितलं. मी पस्तीस वर्षांची होते; डॉक्टरीणबाईंबद्दल ऐकून होते, पण या गाडीबद्दल एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. भाषा नव्हतीच. आबा बॉनेटकडे बोट दाखवत, हेंक उघडे. आबा कान लावून ऐकत आणि दोन बोटं एकमेकांवर आपटून दाखवत, म्हणजे इंजिनातले टॅपेट वाजतायत. हेंक लगेच पाना शोधे. हेंकची गाडी डावीकडून चालवायची, आबांच्या सवयीची उजवीकडून. मग आबा हवेतच हात बदलून गिअर टाकून बघायचे आणि स्वतःशीच मान डोलवायचे. मी दुधाच्या बाटल्या उकळत असताना मागून त्या दोघांचं ठोकणं ऐकू यायचं. आई गेल्यापासून आबांना इतकं गुंतलेलं मी पाहिलं नव्हतं.

या गाडीची एक खास गोष्ट आहे. चढावर थांबलात, क्लच दाबून धरलात आणि ब्रेकवरचा पाय काढलात, तरी गाडी मागे येत नाही. हेंक त्याला हिल-होल्डर म्हणतो, आबा चढाचा ब्रेक. पसरणीच्या घाटात वळणावर पुढे एस्टी अडली की आबा गाडी तशीच धरून ठेवत आणि मागे डॉक्टरीणबाई निवांत झोपलेल्या असत. "ही कधी मागं गेली न्हाय," आबा म्हणाले, "येकदा बी न्हाय." त्यांनी मला हेंकला विचारायला लावलं की याचा चालतो का. हेंकने खांदे उडवले. म्हणाला, मला काय माहीत? इथे चढ कुठाय? समुद्राच्या पातळीखाली असलेल्या देशात त्याने गाडीची सगळ्यात मोठी करामत इतकी वर्षं कधी वापरलीच नव्हती. हे ऐकून आबा खिडकीतून त्या सपाट रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "कालव्यावरच्या पुलाला जरा चढ हाय की."

तेव्हा मला कळायला हवं होतं. आबांना एकदा, फक्त एकदा, ती गाडी चालवायची होती. पुलाच्या चढावर थांबायचं होतं आणि ब्रेकवरचा पाय काढून बघायचा होता.

जानेवारीत आठवडाभर उबदार पाऊस पडला. हेंकने रस्ता चाखला आणि किल्ली नाचवत आमच्या दारात आला. सगळं धुऊन गेलंय, म्हणाला, पण दोन दिवसांत पुन्हा गोठणार आहे. वडिलांना विचार, चालवणार का? पुलापर्यंत आणि परत. मी रात्रभर जागी, खांद्यावर बाळाची ओकारी, एक डोळा चुलीकडे. आबांना विचारलं. आबांनी किल्लीकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, "नको, कशाला उगं त्यांना तरास."

मी हेंकला सांगितलं, नको म्हणतात, थँक यू. हेंक म्हणाला, ओके. किल्ली खिशात टाकली, एकटाच पुलापर्यंत जाऊन आला, गाडी पुसून झाकून ठेवली.

मी रोज ऑफिसात तीन भाषांत काम करते. गिऱ्हाइकाचं म्हणणं डेव्हलपरला आणि डेव्हलपरचं गिऱ्हाइकाला समजावणं हीच माझी नोकरी. आणि माझ्या बापाच्या तोंडचा एक साधा शब्द मला पोचवता आला नाही. आपल्याकडे चहा विचारला की आधी नको म्हणतात. मग घ्या हो म्हणायचं, मग अर्धाच टाका, मग पूर्ण कप आणि बशीत दोन बिस्किटं. पहिलं नको म्हणजे फक्त दाराची कडी वाजवणं असतं. हेंकच्या देशात एकदाच विचारतात आणि समोरचा म्हणेल ते खरं धरतात. त्यांच्या लेखी तोच मान. त्यात हेंकची काही चूक नव्हती. आबांचीही नव्हती. दोघांच्या मध्ये मी उभी होते.

आणि आबांच्या नकोला आणखी एक पदर होता, तो तर मला लहानपणापासून ठाऊक होता. डॉक्टरीणबाईंबरोबर ते ज्या घरी जात तिथे बाईंना आत चहा मिळे. बाहेर ड्रायव्हरला पाणी विचारायचं की नाही, आणि विचारलं तर कुठल्या भांड्यातून, यावर आत कुजबुज चाले. म्हणून आबा आधीच सांगून टाकत, मला काही नको. आपणच नको म्हटलं की समोरच्यावर नाही म्हणायची पाळी येत नाही, आणि आपल्यावर ते ऐकायची. आयुष्यभर त्यांनी अशीच आपली इभ्रत राखली. बाई मात्र दर वेळी दुसऱ्यांदा विचारायच्या, स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून बाहेर आणून द्यायच्या. हे आबांनीच मला सांगितलेलं. तरी त्या सकाळी मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढे आठ-नऊ दिवस रोज सकाळी दहाला आबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, त्यावर स्वेटर चढवून खिडकीपाशी खुर्चीत बसायचे. कानटोपी हातात. मला वाटलं, बाहेरची ट्राम बघतात. शेवटी एका दिवशी विचारलं, "आबा, कुणाची वाट बघताय?"

"कुनाची न्हाय."

मी पोळी लाटत राहिले. जरा वेळाने ते म्हणाले, "त्यो परत इचारायचा असंल, तर आपन तयार असावं."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी चपला घालून, पिठाच्या हातांनी, थंडीत हेंकच्या दारात गेले आणि त्याला सगळं सांगितलं. तो बिचारा पांढरा पडला. "पण ते नको म्हणाले. तूच सांगितलंस."

"हो, मीच सांगितलं. ते तसं नव्हतं."

"मग तुमच्यात किती वेळा विचारायचं?"

"दोनदा. कधी कधी तीनदा."

त्याने कपाळावर हात मारला. तेव्हाच माझ्या पायाखाली काहीतरी कुरकुरलं. रस्त्यावर पांढरे खडे पडले होते. थंडी केव्हाच परतली होती आणि त्या पहाटेही मिठाची गाडी येऊन गेली होती.

मी म्हटलं, पाचच मिनिटं, पुलापर्यंत. हेंक तयार होता. अगदी खरं सांगते, तो लगेच पांघरूण काढायला निघाला. माझ्या मागोमाग आलेल्या आबांनीच त्याचा हात धरला. त्यांनी खाली वाकून चिमूटभर मीठ उचललं, हेंकला दाखवलं आणि बोटं हलवली. पोरक्या गाडीचा पत्रा एकदा गेला की दुसरा कुठून आणायचा, हे त्यांना त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. भंगारात सोडून आले होते ते. मला म्हणाले, "पावसापातुर थांबू. हाय की मी."

मग आम्ही पावसाची वाट बघत राहिलो. हॉलंडमध्ये पावसाची वाट बघणारी माणसं विरळाच असतील. हेंक फोनवर आभाळ बघायचा, आबा खिडकीतून. ढग यायचे, रिमझिम व्हायची, हेंक बोट लावायचा, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा गोठून पुन्हा मीठ पडायचं. आबांचा व्हिसा नव्वद दिवसांचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं तेव्हा आमच्या गाडीच्या काचांवर हिमाचा थर होता. आबांनी बाळाच्या कपाळावर ओठ टेकवले, मला म्हणाले, "हेंकला जय भीम सांग." परमिटची पुस्तिका स्वेटरच्या आतल्या खिशात होती. तिचा कोपरा मला दिसत होता.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी पाऊस लागला आणि दोन दिवस थांबला नाही. हेंकने गाडी काढली, आमच्या दारापुढे आणून उभी केली आणि इंजिन चालू ठेवून नुसता बसून राहिला. मी बाहेर गेले नाही. खिडकीच्या पडद्याआड उभी राहून रडले. बाळाला वाटलं मी खेळतेय.

त्यानंतर दोन वर्षं काही ना काही आडवं आलं. एकदा आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकदा माझी नवी नोकरी. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं आम्ही फोनवर म्हणत राहिलो. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या तोंडी हे दोन शब्द इतके बसलेले असतात की ते खोटे आहेत हे आपल्यालाही कळत नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास आबांना लकव्याचा हलका झटका आला. मी आठ दिवस जाऊन आले, तेव्हा ते पलंगावर होते. आता काठी घेऊन हिंडतात, असं भाऊ सांगतो. आबा सांगतात, झ्याक हाय. फोनवर ते फक्त चेहरा दाखवतात.

कालपासून पाऊस आहे. आज दुपारी हेंकने रस्त्यावर बोट फिरवलं, चाखलं, आणि माझ्या खिडकीकडे बघून अंगठा वर केला. मी तीन वर्षांच्या लेकीला रेनकोट घालून मागच्या गल्लीत गेले. तिने हेंकला डचमध्ये विचारलं, ही गाडी माझ्या आजोबांची आहे ना? हेंक म्हणाला, हो, थोडी त्यांचीच. मी आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बॉनेटपाशी धरला. हेंकने गाडी सुरू केली. साताऱ्यात आबा डोळे मिटून ऐकत होते.

"आता टॅपेट वाजत न्हाईत," ते म्हणाले. "चांगली ठेवलीय."

हेंकने काच खाली केली. यंदा तो मनाशी काही ठरवूनच आला होता. त्यांना म्हणावं, जुलैत या, मिठाचा कणही नसतो. विमानतळावर मी हीच गाडी घेऊन येईन. विचार त्यांना.

मी विचारलं.

"नको," आबा म्हणाले, "कशाला उगं तरास."

मला आतून हसू फुटलं. मी म्हटलं, "कसला त्रास आबा? व्हिसाचं मी बघते. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवते, चालावंसुद्धा लागणार नाही. या हो."

"नको गं. हितंच बरं हाय."

"हेंक थांबलाय आबा. तीन वर्षं थांबलाय. पुलावर नुसतं जाऊन यायचं. मी तुमच्या शेजारी बसते. याच तुम्ही, मी आजच तिकिटाचं बघते."

पलीकडे चित्र हललं, छत दिसलं, भिंत दिसली, बाबासाहेबांची तसबीर दिसली, आणि फोन खाली खाली जाऊन एका जागी थांबला. आबांचा डावा पाय, क्लचचा पाय, स्टुलावर ठेवलेला होता. घोट्याला पट्टा. बोटं आतल्या बाजूला वळून पडलेली. आबांचा हात आला, त्याने तो पाय उचलला, जरा सरळ ठेवला. पाय पुन्हा तसाच कलंडला. मग पुन्हा चेहरा आला, आणि तो अगदी शांत होता.

"आता नको, बाय," आबा म्हणाले. "आता खरंच नको."

पाऊस पडत होता. हेंक खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होता. "काय म्हणतात?" त्याने विचारलं. "अजून एकदा विचारायचं का?"

मी म्हटलं, "नको म्हणतात."

या वेळी मी बरोबर सांगितलं होतं. चुकलं असतं तर किती बरं झालं असतं.